ऑपरेशननंतर आठ वर्षांनी वजन परत आलं: नाशिकमधल्या एका फॉलोअप क्लिनिकचा ११ महिन्यांचा अनुभव

ज्यांची वजनाची सर्जरी होऊन पाच-सात-दहा वर्षं झालीत आणि काटा परत वर चढायला लागलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. नवीन सर्जरी करायची का, कुठे करायची, किती खर्च येतो यावर लिहिणारे खूप जण आहेत पण नंतरच्या या टप्प्यावर मराठीत मला काहीच सापडलं नव्हतं, आणि मी दोन वर्षं शोधत होते. क्लिनिकचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण जुन्या हॉस्पिटलबद्दलही लिहायचंय आणि मला कोणाची जाहिरात किंवा बदनामी दोन्ही करायचं नाही. पण तिथे नेमकं काय झालं ते सगळं सांगते म्हणजे तुम्ही तुमच्या गावात जिथे जाल तिथे काय मागायचं, काय विचारायचं हे कळेल.

आधी माझं थोडक्यात. ऑगस्ट २०१६ ला मुंबईत स्लीव्ह झाली, म्हणजे पोट कापून लहान करायचं ऑपरेशन. वजन ११८ किलो, उंची पाच फूट दोन इंच, शुगर इन्सुलिनवर, आणि आमच्या बिल्डिंगचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबायला लागायचं. मार्च २०१८ ला ७१ वर आले. सत्तेचाळीस किलो कमी. इन्सुलिन बंद झालं, मुलीच्या शाळेच्या ट्रिपला पांडवलेणीच्या पायऱ्या तिच्याबरोबर चढले. ते दिवस मला अजून तारखेसकट आठवतात.

मग २०२० चा लॉकडाऊन आला, फॉलोअप तुटला, गोळ्या संपल्या त्या परत आणल्याच नाहीत. त्याच वर्षी आईचं आजारपण सुरू झालं आणि दीड वर्ष मी तिच्या उशापाशी होते, तिला भरवायचं आणि तिच्या ताटातलं उरलेलं चहाबरोबर आपण संपवायचं, असंच चाललं होतं. वजन एकदम नाही वाढत, हेच त्यातलं फसवं असतं. महिन्याला अर्धा किलो. कपडे सांगतात आधी. आमच्या टेलर काकांकडे मी ब्लाऊज तीनदा उसवून सैल करून आणले, चौथ्यांदा त्यांनी बाही उलटी करून आतली शिवण मला दाखवली आणि म्हणाले, ताई, आता माया संपली, नवीनच शिवावा लागेल. त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं, पण मी दुकानातून बाहेर आले आणि गाडीला किल्ली लावून तशीच बसून राहिले.

२०२२ ला ८६ किलो होते तेव्हा हिंमत करून ज्या हॉस्पिटलमध्ये सर्जरी झाली तिथे परत गेले. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. तिथे सर्जन भेटलेच नाहीत, काउन्सेलर म्हणून एक बाई होत्या, त्यांनी वजन बघितलं, फाईल बघितली आणि म्हणाल्या, आम्ही आमचं काम केलं होतं, तोंड तर तुमच्याच हातात आहे ना. पुढच्या दहा मिनिटांत दुसऱ्या ऑपरेशनचं कोटेशन माझ्यासमोर होतं, साडेतीन लाख. मी काय खाते, कधी खाते, झोप किती, पाळी कशी आहे, गोळ्या चालू आहेत का, रक्त शेवटचं कधी तपासलं, यातलं एकही विचारलं नाही. मी परतीच्या गाडीत इगतपुरीपर्यंत रडले आणि नंतर जवळजवळ अडीच वर्षं कुठल्याही डॉक्टरकडे वजनासाठी गेले नाही. त्या अडीच वर्षांत अजून आठ किलो वाढलं. ज्या कोणाचं असं झालं असेल त्यांनी हे नीट वाचा: तुम्हाला लाज वाटली म्हणून तुम्ही गेला नाहीत, आणि ती लाज तुम्हाला दुसऱ्या कोणीतरी दिलेली होती.

आता या क्लिनिकबद्दल. जानेवारी २०२५ ला पहिल्यांदा गेले, ९४ किलोवर. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांच्या बहिणीने सांगितलं होतं. पहिली गोष्ट लक्षात आली ती खुर्च्या. वेटिंगमधल्या सगळ्या खुर्च्या रुंद, बिनहाताच्या. ज्यांनी कधी हाताच्या खुर्चीत स्वतःला बसवलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. वजनाचा काटा रिसेप्शनला सगळ्यांसमोर नाही, आतल्या खोलीत दार लावून, आणि सिस्टर आकडा मोठ्याने बोलत नाही, फक्त लिहिते, आणि विचारते, तुम्हाला बघायचाय का.

डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी पाऊण तास दिला. फाईल बघून त्यांनी पहिलं वाक्य काय म्हटलं तर, म्हणजे तुम्ही अजूनही ११८ पेक्षा चोवीस किलो कमी आहात, साडेआठ वर्षं होत आली तरी, आणि इन्सुलिन अजून बंदच आहे ना? मी हो म्हटलं. तोपर्यंत मी स्वतः कधीच तसा हिशोब केला नव्हता, मी फक्त ७१ पासून किती वर गेले तेच मोजत होते. मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला पेनने पोटाचं चित्र काढलं. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण पाऊण भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक नळी शिल्लक ठेवतात. जो वरचा फुगीर भाग काढतात तिथे भुकेचं हार्मोन जास्त तयार होतं, घ्रेलिन त्याचं नाव, म्हणून सुरुवातीला एक-दोन वर्षं भूकच लागत नाही आणि आपल्याला वाटतं आता सुटलो. पण शरीराला कमी झालेलं वजन हे दुष्काळासारखं वाटतं. ते हळूहळू भूक वाढवतं, खर्च कमी करतं, वजन घटताना स्नायू पण घटलेले असतात त्यामुळे बसल्याजागी पूर्वी जेवढं जळायचं तेवढं जळत नाही. नळी पण थोडी सैल होते. हे सगळं एकाच वेळी होत असतं आणि माणूस मात्र स्वतःला जिभेचा गुलाम समजत बसतो.

त्यांनी स्वीडनच्या एका मोठ्या अभ्यासाचं पण सांगितलं. तिथे १९८७ पासून लोक घ्यायला सुरुवात केली, ऑपरेशन झालेल्या दोन हजारांवर लोकांना वर्षानुवर्षं तपासत राहिले. पहिल्या एक-दोन वर्षांत वजन सगळ्यात खाली, मग आठ-दहा वर्षांपर्यंत हळूहळू थोडं वर, आणि मग ते तिथे स्थिर होतं. बायपासवाल्यांचं (यात पोट लहान करून ते आतड्याला पुढे जोडतात) सुरुवातीला मूळ वजनाच्या ३२ टक्के कमी झालं होतं, दहा वर्षांनी ते २५ टक्के उरलं. आणि तरीही ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यू कमी होते, न केलेल्यांपेक्षा. त्यात स्लीव्ह नव्हती, तेव्हा ती एवढी होत नव्हती, हेही मॅडमनी स्वतःहूनच सांगितलं. मला हे २०१६ ला कोणी सांगितलं असतं, की थोडं परत येणार आहे आणि तेव्हा परत यायचं, तर माझी पुढची कितीतरी वर्षं वेगळी गेली असती. थोडं परत येणं आणि माझ्यासारखं निम्मं परत येणं यात फरक आहे आणि तो त्यांनी लपवला नाही, पण निम्मं का आलं हे आपण शोधू म्हणाल्या. तोपर्यंत कुठलाही डाएट चार्ट देणार नाही.

शोधलं म्हणजे खरंच शोधलं. रक्ताच्या तपासण्या, थायरॉईड, व्हिटॅमिन बी१२ आणि डी, फेरिटीन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), कॅल्शियम, तीन महिन्यांची शुगर. पांढरं खडूच्या पाण्यासारखं औषध प्यायला लावून एक्स-रे, त्यात नळी किती सैल झालीये ते दिसतं. एंडोस्कोपी, कारण स्लीव्हनंतर ॲसिडिटीचा त्रास बऱ्याच जणांना लागतो आणि जळजळ होते म्हणून लोक सारखं काहीतरी दूध-बिस्किट पोटात ढकलत राहतात. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी मागवली, कारण काही गोळ्यांनी पण वजन वाढतं, स्टेरॉईड, मानसिक आजाराच्या काही गोळ्या. मला त्यातलं काही नव्हतं. पण थायरॉईड निघाला, टीएसएच नऊच्या वर (थायरॉईड मंदावला की हा आकडा वाढतो). बी१२ तळाला, फेरिटीन आठ, हिमोग्लोबिन ९.८. मी दोन वर्षं म्हणत होते मी आळशी झालेय, ट्रॅकवर दुसऱ्या फेरीला दम लागतो, केस मूठमूठ जातायत. अहो, अंगात रक्त नव्हतं. स्लीव्हनंतर बी१२ नीट शोषलं जात नाही म्हणून ते जन्मभर घ्यायचं असतं आणि मी २०२० पासून बंद केलं होतं. कोणीतरी वर्षातून एकदा नुसता फोन करून विचारायला हवं होतं, गोळ्या चालू आहेत का. एवढंच.

गोळ्यांचं वेळापत्रक त्यांनी लिहून दिलं ते अजून फ्रिजवर आहे. थायरॉईडची पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर, नंतर अर्धा-पाऊण तास चहा पण नाही. लोहाची दुपारी. कॅल्शियम रात्री, आणि ते सायट्रेटच, कारण साध्या कार्बोनेटला पोटात ॲसिड लागतं आणि आपलं पोट तेवढं राहिलेलं नाही. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर एकमेकांना अडवतात, म्हणून मध्ये अंतर, आणि थायरॉईडच्या गोळीपासून तर दोन्ही चार तास लांब. हे मेडिकलवाल्याने पण कधी सांगितलं नव्हतं, मी पूर्वी सगळ्या गोळ्या नाश्त्यानंतर एकदम घ्यायचे.

आता डाएटिशियन. माझ्या मते हे क्लिनिक उभं आहे ते या मुलीवर. वय असेल तिशीचं. तिने फोनवर सांगितलं, ताई, उद्या येताना तुमचा रोजचा डबा आणा, वेगळं काही करू नका, आणि दुपारच्या वेळेलाच या. मी नेला. दोन पोळ्या, फ्लॉवर-बटाट्याची भाजी, थोडा वरणभात. तिने टेबलावर छोटा डिजिटल काटा ठेवला होता, प्रत्येक गोष्ट वाटीत काढून तोलली, लिहिलं, मग म्हणाली जेवा, मी इथेच बसते, मला काम आहे. मी जेवले. तिने घड्याळ लावलेलं मला माहीत नव्हतं. नऊ मिनिटं. आणि त्या नऊ मिनिटांत मी पाण्याची बाटली सहा वेळा तोंडाला लावली. तिने मला विचारलं, घास अडकतो का? मी म्हटलं, हो, पोळी कोरडी अडकते म्हणून पाणी लागतं. तिने वही बाजूला ठेवली आणि सांगितलं, अडकतो तेच तर तुमचं ऑपरेशन आहे ताई, ते अजून काम करतंय, तुम्ही पाण्याने त्याला ढकलून पुढे पाठवताय.

मला सर्जरीच्या वेळी सांगितलेलं होतं, जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास. मी विसरले नव्हते पण कधी सुटलं ते कळलंच नाही.

दुसरं म्हणजे चिवडा. मी शाळेत ऑफिसमध्ये क्लार्क आहे, टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये डबा असतो, नाशिकचा चिवडा, कधी शेव, कधी शंकरपाळे. तिने मला घरून नाही तर त्या ड्रॉवरमधून जे असेल ते आणायला लावलं. म्हणाली, तुम्ही एका वेळी जेवढा हातात घेता तेवढा घ्या. मी मूठ भरून काट्यावर ठेवली, पंचवीस ग्रॅम. दिवसातून किती वेळा? मी खरं सांगितलं, पाच, कधी सहा. म्हणजे सव्वाशे ग्रॅम, सहाशे कॅलरीच्या वर, आणि पाच कप साखरेचा चहा वेगळा, तो चारशेच्या आसपास. हजार कॅलरी, आणि यातलं मी काहीच जेवण म्हणून धरत नव्हते. घरी तर सगळे म्हणायचे ही जेवतेच कुठे, चिमणीएवढं जेवते. ते पण खरं बोलत होते.

का होतं ते तिने समजावलं. स्लीव्ह अडवते ती घट्ट गोष्टींना. उसळ, अंडं, चिकन, भाकरी, पनीर, हे नळीत बसून राहतं, पोट भरल्याचं कळतं. चिवडा, बिस्किट, शेव, आईस्क्रीम, चहात बुडवलेली खारी याचं तोंडातच पीठ होतं आणि ते सरसर खाली उतरतं, नळीला कळतच नाही. आणि ऑपरेशननंतर ज्यांना पोळी-उसळ खाताना त्रास होतो ते आपोआप या मऊ-कुरकुरीत गोष्टींकडे वळतात, कारण त्याने त्रास होत नाही. म्हणजे जे पोटाला सोपं जातं तेच वजन परत आणतं. मला हे समजल्यावर इतकं हलकं वाटलं, कारण मी इतकी वर्षं असं समजत होते की माझ्यातच काहीतरी खोट आहे, एवढं कापून सुद्धा मी सुधारत नाही.

प्लॅन साधा होता. प्रोटीन दिवसाला सत्तर ग्रॅम, आणि ते ताटातलं पहिलं. माझ्या वहीत ते चौतीस निघालं होतं. सकाळी दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम, दुपारी मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ आधी, मग अर्धी भाकरी, संध्याकाळी पाचला जी चिवड्याची वेळ तेव्हा पनीर परतून किंवा भाजलेले चणे, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा ग्रॅम येतं, रात्री मूगडाळीचं धिरडं किंवा सोयाबीनच्या वड्यांची भाजी. तीस ग्रॅम कोरड्या वड्यांत पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं हे मला माहीत नव्हतं आणि त्या स्वस्त पण आहेत. जेवायला वीस मिनिटं. चहा दोन कप, साखर अर्धा चमचा, आणि बाकी मधल्या वेळी काही नाही, खायचं तर बसून ताटलीत घेऊन. उपवासाचं मी विचारलं कारण आमच्याकडे चतुर्थी असते, तर तिने उपवास सोडा असं नाही म्हटलं, साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी आणि पनीर असं बसवून दिलं. सासूबाईंना पण ते पटलं, त्यांनी स्वतः करून दिलं.

एक तक्रार इथेच लिहिते, छापील रेसिपी शीटमध्ये किनोआ आणि ॲव्होकाडो होतं. नाशिकमध्ये मिळत नाही असं नाही पण रोज कोण खाणार. मी बोलले तेव्हा तिने सगळं आपल्या घरातलं बसवून दिलं, पण जो बोलणार नाही त्याने काय करायचं? शीट मराठीत आणि ज्वारी-बाजरीत हवी.

व्यायामासाठी फिजिओ आहेत, त्यांनी चालण्यापेक्षा ताकदीवर भर दिला, खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, भिंतीला टेकून पुशअप, रबर बँड. माझी हाडांची तपासणी पण करवली, कारण या ऑपरेशननंतर हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो आणि मी पाळी जाण्याच्या वयात आहे. मी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी तीन फेऱ्या मारते, आता दम लागत नाही, त्याचं श्रेय मी लोहाच्या गोळीला आधी देईन.

काउन्सेलर महिन्यातून दोनदाच असतात, ते कमी आहे, पण ज्या आहेत त्या चांगल्या आहेत. पहिल्या भेटीत मी त्यांना सांगितलं की भाचीच्या लग्नात एक मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, एवढे पैसे घालवले आणि परत तशीच झालीस की गं. मी त्या दिवशी पंगतीत बसलेच नाही, आणि रात्री घरी येऊन फ्रिजपाशी उभी राहून गुलाबजाम खाल्ले. काउन्सेलर मॅडमनी विचारलं, किती खाल्ले ते राहू द्या, त्या रात्री तुम्ही कोणाशी बोललात? कोणाशीच नाही. आई असती तर तिला फोन केला असता. मग आम्ही तिच्याबद्दलच बोललो, तासभर. ते आजारपण, ती गेल्यावर घरी येऊन चहा टाकायचे दोन कपांचा, ते सगळं. आईच्या जाण्याचा आणि माझ्या वजनाचा संबंध आहे हे मला चार वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. नवऱ्यालाही एका भेटीला बोलावलं, त्यांना सांगितलं की घरात चिवडा आणायचा नाही असं नको, पण टेबलावर उघडा नको आणि तिला ताटात वाढून "अजून घे ना" असा आग्रह नको. हे मात्र आमच्या घरात अजून शंभर टक्के जमलेलं नाही.

ग्रुप मीटिंग रविवारी सकाळी, पंधरा-वीस जण असतात. एक गृहस्थ मालेगावहून येतात, बायपास होऊन अकरा वर्षं झालीत, त्यांचं अठरा किलो परत आलं होतं आणि त्यांचं कारण संध्याकाळचं दारू पिणं होतं. बायपासनंतर दारू पटकन चढते आणि काही जणांना जेवणाऐवजी तिची सवय लागते, हे त्यांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटला. फक्त ही मीटिंग अर्धी हिंदी-इंग्रजीत होते आणि ग्रामीण भागातून आलेल्या बायका गप्प बसून राहतात, हे मी लिहून दिलंय त्यांना.

भूक आणि वजन कमी करणाऱ्या नव्या इंजेक्शनबद्दल सगळे विचारतात म्हणून लिहिते. मार्च २०२५ ला मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही आलं, आणि त्यानंतर क्लिनिकमध्ये गर्दी एकदम वाढली. मी पण विचारलं. मॅडमनी ना घाबरवलं ना विकलं. म्हणाल्या, ऑपरेशननंतर वजन परत आलेल्यांना याचा उपयोग होतो, घेण्यात कमीपणा काही नाही, शुगरचं औषध घेतो तसंच आहे. पण आठवड्याला एक इंजेक्शन, बाजारात आलं त्या वेळी मौंजारोची २.५ मिलिग्रॅमची एक कुपी ३५०० रुपये आणि पाच मिलिग्रॅमची ४३७५, म्हणजे महिन्याचे चौदा ते साडेसतरा हजार, आणि बंद केलं तर बहुतेकांचं वजन परत चढतं, म्हणून किती वर्षं परवडेल त्याचा विचार करून सुरू करायचं. मळमळ, बद्धकोष्ठता होऊ शकते. आणि माझं प्रोटीन, रक्त, थायरॉईड हे सगळं जागेवर येईपर्यंत त्या लिहून द्यायला तयार नव्हत्या, कारण भूक अजून मेली तर जे चौतीस ग्रॅम जात होतं ते पण जाणार नाही आणि स्नायूच उतरतील. मला पटलं. मुलीची इंजिनिअरिंगची फी आहे, मी सध्या घेत नाहीये. ग्रुपमधल्या दोघी घेतायत, एकीला खूप फरक आहे, दुसरीने उलट्यांमुळे थांबवलं.

दुसऱ्या ऑपरेशनचं पण तसंच. एक्स-रेमध्ये माझी नळी थोडी सैल दिसली पण फार नाही, ॲसिडने जळलेलं नाही, म्हणून स्लीव्हचा बायपास करायची आत्ता गरज नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ज्यांना खूप जळजळ असते, औषधांनी थांबत नाही, किंवा नळी खरंच फार मोठी झालीये, त्यांना त्या सर्जनकडे पाठवतात. ग्रुपमध्ये एका काकूंचं तसं झालंय आणि त्या खूष आहेत. जे साडेतीन लाख मला दहा मिनिटांत सांगितले होते ते या क्लिनिकने सगळं तपासून लागणार नाहीत म्हणून सांगितलं, मी अजून काय लिहू.

पैसे: पहिली कन्सल्टिंग १२००, सहा महिन्यांचं पॅकेज १८०००, त्यात डाएटिशियन, फिजिओ, ग्रुप आलं, काउन्सेलरचे वेगळे, तपासण्या वेगळ्या, माझ्या साधारण अकरा हजाराच्या झाल्या एंडोस्कोपी धरून. इन्शुरन्समधून यातलं मला काही मिळालं नाही. ऑपरेशनचं मात्र मिळू शकतं, २०१९ च्या नियमांनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते) ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ किंवा जास्त आणि आटोक्यात न येणाऱ्या मधुमेहासारखे गंभीर आजार असतील, डॉक्टरांनी लेखी सांगितलेलं असेल, तर पॉलिसीत बसू शकतं, वेटिंग पिरियड बघून घ्या. मी २०१६ ला सगळे खिशातले भरले होते, पीएफ काढून.

जे आवडलं नाही: अपॉइंटमेंट साडेअकराची असली तरी आत जायला एक वाजतो, दर वेळी. ॲप फक्त इंग्रजीत आहे आणि त्यात थालीपीठ टाकलं तर सापडत नाही. काउंटरवर प्रोटीन पावडरचे डबे मांडलेले आहेत आणि रिसेप्शनची मुलगी बिल करताना विचारते घ्यायचा का, डाएटिशियन आत सांगते ताटातून होतंय तर गरज नाही आणि बाहेर हे, ते बरं नाही वाटत. पार्किंग शून्य. आणि पॅकेज संपल्यावर सहा महिन्यांनी एकदम पूर्ण पैसे भरावे लागतात, हप्ता नाही.

माझा हिशोब आजचा: ९४ वरून ८३.५. सप्टेंबर-ऑक्टोबर दोन महिने काटा तिथेच होता, गणपती आणि दिवाळी, मी घाबरले, डाएटिशियनने मात्र टेप लावून कंबर मोजली, ती तीन सेंटीमीटरने कमी होती. दिवाळीचा फराळ मी खाल्ला, ताटलीत घेऊन, जेवणानंतर, बसून. हिमोग्लोबिन १२ वर आलंय. तीन महिन्यांची शुगर ७.१ होती ती ६.२ आहे. ७१ वर परत जाणार का असं मी विचारलं होतं तर मॅडम म्हणाल्या, ऐंशीच्या आत येऊन तिथे पाच वर्षं राहिलात तर मी पेढे मागेन. मला पण आता तेच हवंय.

तुम्ही जिथे जाल तिथे जुनी डिस्चार्ज फाईल आणि ऑपरेशनची नोट घेऊन जा, ती नसेल तर जुन्या हॉस्पिटलकडून मागून घ्या, तो आपला हक्क आहे. चालू सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या. आणि पहिल्या भेटीत कोणी रक्त न तपासता, डबा न बघता थेट दुसरं ऑपरेशन किंवा इंजेक्शन पुढे केलं तर थँक्यू म्हणून उठा. एकटं जाऊ नका शक्यतो, मी वहिनीला नेलं होतं, मला अर्धं ऐकूच येत नव्हतं तेव्हा तिने लिहून घेतलं.

इथे सोमवारी आणि शनिवारी फार गर्दी असते. बुधवारी सकाळी दहाचा पहिला नंबर मिळाला तर एक तासात मोकळं होता येतं. माझी पुढची तारीख बी१२ च्या रिपोर्टसकट बुधवारचीच आहे.